कमी पैशांत मेडिकलच्या सेवा लोकांपर्यंत कशा पोचवायच्या? नव्या फार्मासिस्टसाठी पायरी-पायरीने

नवीन मेडिकल टाकलं की पहिल्याच महिन्यात दोन माणसं हमखास दारात येतात. एक फ्लेक्सवाला आणि दुसरा 'तुमचं फेसबुक-इन्स्टा आम्ही सांभाळतो' म्हणणारा. दोघांनाही चहा पाजा आणि तीन महिन्यांनी यायला सांगा. तोवर तुमच्याकडे लोकांना सांगण्यासारखं काय आहे, हे तुमचं तुम्हालाच नीट कळलेलं नसतं.

आम्ही नवरा-बायको, दोघंही रजिस्टर्ड फार्मासिस्ट, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. आसपास जुनी, जम बसलेली दुकानं आहेत, चौकात सवलतीची मोठी पाटी लावलेलं साखळीतलं दुकान आहे, आणि मोबाईलवरून घरपोच औषधं मागवणारे तर आता प्रत्येक गल्लीत आहेत. या सगळ्यात जाहिरातीवर फारसा खर्च न करता काय चालतं आणि कशाने अडचणीत यायला होतं, हे नव्याने दुकान टाकणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. पॅरासिटामॉलची स्ट्रिप तुमच्याकडची आणि समोरच्याकडची सारखीच असते. सवलतीच्या शर्यतीत साखळी दुकानांपुढे आणि ऑनलाइनवाल्यांपुढे आपण टिकत नाही. आपल्याकडे असतो तो काउंटरपलीकडे उभा असलेला, शिकलेला माणूस आणि त्याची पाच मिनिटं. प्रसिद्धी करायची ती त्या पाच मिनिटांची.

हाताशी काय हवं

कागदपत्रं: औषधविक्रीचे फॉर्म २० आणि २१ चे परवाने, काउंटरवर जो फार्मासिस्ट असेल त्याचं फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दुकानाची नोंदणी (गुमास्ता), जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, दुकानाच्या नावावरचं वीजबिल. यातली बरीचशी गूगलवर नोंद करताना आणि डॉक्टरांना भेटायला जाताना कामी येतात. सगळ्यांचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा.

सामान: दंडावर बांधायचं चांगल्या प्रतीचं डिजिटल बीपी मशीन, मोठ्या आकाराच्या जादा कफसह (कफ म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा). एक पाठीची खुर्ची. फक्त दुकानासाठीचं वेगळं सिमकार्ड. जाड मार्कर, पांढरा बोर्ड. शंभर पानी वही. आणि स्वच्छ इस्त्रीचा पांढरा ॲप्रन, नावाच्या बिल्ल्यासह. ॲप्रनला कमी लेखू नका. सेल्समन कोण आणि फार्मासिस्ट कोण हे लोकांना एरवी कळतच नाही.

१. आधी दोनच सेवा निवडा

आपण करतो त्या सगळ्या गोष्टींची यादी लिहून काढायला बसलं की पान भरतं. इन्हेलर कसा ओढायचा ते दाखवणं, इन्सुलिनचं पेन शिकवणं, बीपी मोजणं, महिन्याच्या गोळ्या संपत आल्या की आठवण करणं, घरपोच औषध. पण सगळं एकदम सांगितलं तर लोकांच्या लक्षात काहीच राहत नाही. दोन निवडा. त्यातली एक अशी निवडा, जी गावात दुसरं कोणी करत नाही.

माझा आग्रह असेल तो 'पिशवी तपासणी'चा. तिला खर्च शून्य आणि उपयोग मोठा. ज्येष्ठ मंडळींना सांगायचं की घरातली सगळी औषधं, चालू असोत की बंद, एका पिशवीत घालून घेऊन या. आम्ही दुपारी तीन ते पाच ही वेळ ठेवली आहे, कारण तेव्हा ओपीडी बंद असतात आणि काउंटर रिकामं असतं.

पिशवी काउंटरवर ओतली की काय काय निघतं ते एकदा पाहाच. अर्धी कापलेली स्ट्रिप, आणि कात्री नेमकी एक्स्पायरीच्या तारखेवरून गेलेली. गेल्या पावसाळ्यातल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या, 'परत कणकण आली तर' म्हणून जपून ठेवलेल्या. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०, एका नावाची, आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातून लिहून आलेली टेल्मिसार्टन ४० दुसऱ्या नावाची. आजी दोन्ही घेतात, कारण दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, दोन नावं. मग उठताना चक्कर येते आणि घरात सगळे अशक्तपणाचं टॉनिक शोधत असतात.

करायचं ते असं. मुदत संपलेली बाजूला काढा. स्ट्रिपवरचं मूळ औषधाचं नाव वाचून एकच औषध दोन नावांनी आलंय का ते पाहा. मग एका कागदावर, मोठ्या अक्षरांत, तीन रकाने: गोळी कोणती, कशासाठी, कधी. थायरॉइडची गोळी असेल तर 'उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने' एवढं स्पष्ट लिहा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर वार लिहा आणि त्याभोवती गोल करा. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी कुणी रोज घेतली तर जिवावर बेततं.

इथला मोठा सापळा म्हणजे गोळी आपणच बंद करून टाकणं. तो आपला अधिकार नाही. डुप्लिकेट सापडली की पेशंटसमोरच डॉक्टरांना फोन लावायचा, ते सांगतील तसं कागदावर लिहायचं आणि पेशंटला पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगायचं. यातून दोन गोष्टी होतात. पेशंटला खात्री पटते, आणि डॉक्टरांना कळतं की या दुकानात कोणीतरी चिठ्ठी वाचतं.

२. काय छापायचं नाही, हे छापायच्या आधी समजून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण नवी मुलं सर्वांत जास्त इथेच अडकतात.

१९५४ चा औषधी द्रव्ये व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा नीट वाचा. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, कर्करोग, लैंगिक शक्ती अशा अनेक गोष्टींवर अमुक औषध गुणकारी आहे, अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. 'आम्ही कुठे करतो असलं' असं वाटेल. पण एखाद्या आयुर्वेदिक कंपनीचा प्रतिनिधी 'साखर मुळापासून घालवा' असं लिहिलेला झकास स्टँड फुकट ठेवून जातो आणि तो तुमच्या दारात उभा राहतो. जाहिरात प्रसिद्ध करण्यात हातभार लावणाराही त्या कायद्यात येतो. फुकट मिळालेलं प्रत्येक पोस्टर वाचूनच लावा.

चिठ्ठीवर मिळणाऱ्या, म्हणजे शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समधल्या औषधांची नावं किंवा फोटो स्टेटसवर, पत्रकात, कुठेही टाकायचे नाहीत. 'अमुक इंजेक्शन उपलब्ध' हेसुद्धा नको.

'महाग गोळीऐवजी तीच स्वस्त देऊ' असंही लिहू नका. चिठ्ठीवर लिहिलेलं शेड्यूलमधलं औषध बदलून दुसरं देण्याला १९४५ च्या औषध नियमांतल्या नियम ६५ ने मनाई केली आहे. पेशंटने स्वस्त पर्याय विचारला तर 'डॉक्टरांकडून चिठ्ठीवर बदल करून आणा' एवढंच सांगायचं. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर त्याचा पत्ता खुशाल सांगा. त्याने आपलं गिऱ्हाईक जात नाही.

आणि सवलतीची पाटी. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये पेशंटना आपल्याकडे ओढण्यासाठी केलेली जाहिरातबाजी अनैतिक ठरवली आहे आणि काही राज्यांच्या फार्मसी कौन्सिलांनी सवलतीच्या पाट्यांवर उघड आक्षेप घेतला आहे. नियम बाजूला ठेवले तरी माझं मत तेच राहील. १० टक्क्यांसाठी आलेला माणूस १२ टक्क्यांसाठी जातो, आणि औषध ही जास्त घेतली म्हणून फायद्याची वस्तू नव्हे. तुमची प्रत्येक पाटी, पत्रक आणि मेसेज माहिती देणारा असावा: कोण आहे, कधी आहे, कशात मदत करेल. आमिष असू नये.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. 'फार्मासिस्टचा सल्ला' असं लिहिलंत तर त्या वेळेत फार्मासिस्ट दुकानात हवाच. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं आहे. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या दुकानाला यातलं काहीच करता येणार नाही.

३. पाटी आणि काच

महाराष्ट्रात दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही अशा अक्षरांत लिहिणं २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही बंधनकारक झालं आहे. नियम म्हणून करायचंच आहे तर नीट करा. आपलं निम्मं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं असतं.

काचेवर आतून एकच ए-३ कागद लावा. वर फार्मासिस्टचं नाव, खाली वेळ, त्याखाली दोन ओळी: 'औषधांची पिशवी घेऊन या, आम्ही तपासून देतो. दुपारी ३ ते ५.' 'बीपी मोजून मिळेल.' बस्स. काचेवर टॉनिक, डायपर आणि फेसवॉशचे स्टिकर असतील तर ते काढून टाका, नाहीतर तुमचा कागद कुणाला दिसणारच नाही.

खुर्ची काउंटरच्या टोकाला ठेवा, जिथे बोललेलं रांगेतल्या माणसाला ऐकू जाणार नाही. गर्भनिरोधक गोळी, मूळव्याध, टीबी, मानसिक आजाराच्या गोळ्या, या विषयांवर लोक उभ्याने, चार जणांत बोलत नाहीत. बसायला मिळालं की बोलतात.

४. औषधाचं पाकीट

पत्रकं छापून पेपरात घालण्याचा सल्ला तुम्हाला सगळे देतील. घालू नका. ती पेपरातून जिन्यातच गळतात. तोच पैसा गोळ्या घालून द्यायच्या छोट्या कागदी पाकिटांवर घाला. ती घरात जातात, फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी महिनाभर राहतात आणि दिवसातून दोनदा हातात येतात. एवढी टिकणारी जाहिरात दुसरी नाही.

पाकिटावर सकाळसाठी उगवता सूर्य, दुपारसाठी डोक्यावरचा सूर्य, रात्रीसाठी चंद्र; प्रत्येकापुढे चौकोन. '१-०-१' लोकांना कळतं असं आपण धरून चालतो, पण वाचता न येणाऱ्या माणसाला चित्रच कळतं. खाली 'जेवणाआधी / जेवणानंतर', आणि तळाला दुकानाचं नाव, फोन, वेळ. मागच्या बाजूला पिशवी तपासणीची ओळ. आमच्याकडच्या छापखान्यात एकरंगी छापलं की हे बेताच्या पैशांत होतं. रंगीत छापायची काही गरज नाही.

स्ट्रिप मात्र मूळ वेष्टनातच ठेवून पाकिटात घाला. गोळ्या सोडवून सुट्या देऊ नका. नाव, बॅच आणि तारीख दिसलीच पाहिजे.

५. गूगलवर नोंद

मुंबई-पुण्याहून सणाला आलेला मुलगा रात्री नऊ वाजता आईसाठी औषध शोधतो तेव्हा 'मेडिकल निअर मी' असंच टाइप करतो. तिथे नाव दिसायला पैसे लागत नाहीत. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे.

१. दुकानाच्या वेगळ्या जीमेलवरून प्रोफाइल उघडा. नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'बेस्ट मेडिकल, स्वस्त औषधं' अशी शेपटं जोडलीत तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.
२. प्रकार 'फार्मसी' निवडा.
३. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. रस्ता आणि शेजारची दुकानं दिसतील असं बाहेरून सुरू करा, पाटी दाखवा, कुलूप किंवा शटर उघडा, आत काउंटर आणि परवाना दाखवा. सगळं एकाच सलग चित्रणात. पेशंट आणि चिठ्ठ्या त्यात येऊ देऊ नका.
४. वेळ खरी लिहा. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, या दिवसांची वेगळी वेळ आधीच भरून ठेवा. बंद शटर पाहून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही.
५. फोटो चार पुरे: बाहेरून, काउंटर, बसायची खुर्ची, ॲप्रनमधले तुम्ही.

रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर उत्तर द्या, दोन ओळींत, नम्रपणे. उत्तरात पेशंटचं औषध किंवा आजार कधीही लिहू नका. 'तुमच्या शुगरच्या गोळ्या आल्या नव्हत्या' असं चारचौघांत लिहिणं म्हणजे त्या माणसाचा आजार जाहीर करणं.

६. व्हॉट्सॲप: उपयोगाचं, पण जपून

व्हॉट्सॲप बिझनेस दुकानाच्या वेगळ्या नंबरवर घ्या. आपोआप जाणारा पहिला मेसेज मराठीत लिहा: दुकानाची वेळ, 'चिठ्ठीचा पूर्ण फोटो पाठवा, तारीख आणि डॉक्टरांचं नाव दिसू द्या', आणि 'तातडीची तब्येतीची अडचण असेल तर मेसेज न करता १०८ ला फोन करा'.

तीन सापळे आहेत.

पहिला, कॅटलॉग. तिथे औषधं टाकू नका. व्हॉट्सॲपच्या व्यापार धोरणात औषधांची विक्री बसत नाही, चिठ्ठीची असोत वा बिनचिठ्ठीची. खातं बंद पडलं की सगळी माणसं तुटतात.

दुसरा, ग्रुप. 'आमचे पेशंट' असा ग्रुप काढला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून काउंटरवर असतानाच 'नंबर सेव्ह करून ठेवा, काका' म्हणायचं आणि जमत नसेल त्यांना करून द्यायचं.

तिसरा, परवानगी. वहीत एक रकाना ठेवा: 'मेसेज पाठवू का?' हो म्हणाले तर पुढे सही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा नसता तरी विचारणं हीच रीत आहे. कुणी 'नको' म्हणालं की त्याच दिवशी नाव काढा.

महिन्याच्या गोळ्यांची आठवण हा व्हॉट्सॲपचा सर्वांत चांगला उपयोग. गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी मेसेज जाऊ द्या. पण मेसेजमध्ये औषधाचं नाव नको. फोन बहुतेक घरात सगळ्यांच्या हातात असतो. 'नमस्कार, तुमची महिन्याची औषधं भरायची वेळ झाली आहे. चिठ्ठी सोबत आणावी' इतकंच. चिठ्ठीवर परत देण्याची सूचना नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून यायला सांगायचं. त्या महिन्याची विक्री दोन दिवस पुढे जाईल. जाऊ दे.

रोज सकाळी सुविचार आणि फुलं पाठवू नका. पंधरा दिवसांतून एक, कामाचा, फार तर पाच ओळींचा मेसेज. पावसाळ्याच्या तोंडावर ओआरएसचा पाठवा: पाकिटावर लिटर लिहिलं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच ते सगळं घालायचं, पेल्यात चिमूट-चिमूट नाही, आणि २४ तासांत संपवायचं. डब्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका हेही सांगा. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली, ती उगाच नाही. थंडीत खोकल्याच्या औषधाचा पाठवा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेलं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, ही सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये लेबलवर छापायला सांगितली. घरोघरी मात्र मोठ्या भावंडाची बाटली धाकट्याला दिलीच जाते.

७. बीपी मोजायची तर नीट मोजा

फुकट बीपी ही लोकांना दुकानात आणणारी जुनी युक्ती आहे, पण घाईत मोजलेलं बीपी पेशंटचं नुकसान करतं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन चालत आलेल्या बाईचं बीपी लगेच घेतलं तर ते जास्तच येणार.

पाच मिनिटं खुर्चीत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, हात काउंटरवर हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झाली असेल तर थांबायला सांगा. कफ उघड्या दंडावर. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवून करकचून बसते आणि आकडा चुकतो. इथे दुकानात बाई असणं फार उपयोगी पडतं, आणि एक साधा पडदा. दंड जाड असेल तर मोठा कफ. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे आणि तारीख कार्डावर लिहा.

तोंडात ठेवायचं वाक्य ठरवून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर 'एकदा डॉक्टरांना हे कार्ड दाखवा'. 'तुम्हाला बीपी आहे' हे निदान आपण करत नाही, गोळी तर सुचवतच नाही. १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एक बाजू लुळी पडतेय असं काही असेल तर थेट दवाखाना, सोबत कुणीतरी देऊन.

ग्लुकोमीटरने साखर तपासायचा मोह होईल. सुरुवातीला नको. लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची सुई, वापरली की तो जैववैद्यकीय कचरा झाला. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो न भोसकला जाणाऱ्या डब्यात साठवणं, अधिकृत संस्थेला देणं, त्यासाठीची मान्यता हे सगळं आलं. त्यापेक्षा पेशंटचंच मशीन त्याला नीट वापरायला शिकवा: हात धुऊन, बोटाच्या कडेला, स्ट्रिपची तारीख बघून. त्याला कसलाही परवाना लागत नाही आणि त्याची गरज जास्त आहे. इंजेक्शन टोचून देण्याची विनंती कितीही ओळखीच्या माणसाने केली तरी दुकानात नाही म्हणायचं.

८. डॉक्टर, आशाताई, संघ आणि मंडळं

डॉक्टरांकडे पेढ्यांचा बॉक्स घेऊन जाऊ नका, आणि टक्केवारीचा विषय कुणी काढला तर तिथेच उठा. एका पानाचं पत्र न्या: आम्ही इन्हेलर आणि इन्सुलिन पेन शिकवतो, या वेळेत फार्मासिस्ट असतो, शंका आली तर तुम्हाला कोणत्या वेळी फोन केलेला चालेल? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. इन्हेलर शिकवायला ओपीडीत वेळ नसतो हे डॉक्टरही मान्य करतात. कुणी सराव दाखवायला आलं की स्वतः बघा: बहुतेक जण श्वास बाहेर न टाकताच पंप दाबतात आणि ओढल्यावर श्वास रोखतच नाहीत. दोन मिनिटांत ते सुधारतं, आणि पुढच्या वेळी डॉक्टर स्वतःहून माणूस पाठवतात.

आशाताईंशी ओळख ठेवा. टीबीची औषधं देणाऱ्या मेडिकलनेही पेशंटची नोंद सरकारला कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये असल्याने रजिस्टर ठेवावंच लागतं. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद वेळेवर करणाऱ्या दुकानाला आरोग्य खात्याची माणसं ओळखू लागतात. ही प्रसिद्धीसाठी करायची गोष्ट नव्हे, कर्तव्य आहे, पण त्यातून विश्वास वाढतो हेही खरं.

ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, भजनी मंडळ इथे वीस मिनिटं बोलायला मागा. विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला हवा. आषाढी, श्रावण, नवरात्र यांच्या आधीच्या आठवड्यात 'उपवास आणि शुगरच्या गोळ्या' हा विषय घ्या, खोली भरते. साबुदाणा-वरीने साखर कशी वाढते, आणि निर्जळी उपवासात गोळी तशीच घेतली तर साखर कशी धोकादायक उतरते, ते सांगा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली की उपवास मोडून लगेच साखर घ्यायची, देव रागवत नाही. डोस बदलायचा तो उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारूनच. बोलून झालं की पिशवी तपासणीचं सांगा आणि पाकिटं वाटा. तिथे काही विकू नका.

मंडळांची वर्गणी सगळ्यांनाच द्यावी लागते. त्या बदल्यात कमानीवर नाव मागण्यापेक्षा मांडवात एका संध्याकाळी बीपी मोजण्यासाठी टेबल मागा.

९. वर्षभराचे दिवस

सगळे दिवस साजरे करत बसू नका. २४ मार्च क्षयरोग दिन, १७ मे उच्च रक्तदाब दिन, ३१ मे तंबाखूविरोधी दिन, २५ सप्टेंबर जागतिक फार्मासिस्ट दिन, १४ नोव्हेंबर मधुमेह दिन, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय फार्मसी सप्ताह, आणि १८ ते २४ नोव्हेंबर अँटिबायोटिकच्या गैरवापराविरुद्धचा आठवडा. यातले तीन घ्या. मी नोव्हेंबर कधीच सोडत नाही. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ म्हणजे 'चिठ्ठीशिवाय नाही', ही आरोग्य मंत्रालयाची मोहीम २०१६ ची, पण रेघेकडे बोट दाखवून विचारलं तर आजही बहुतेकांना ती डिझाइन वाटते. पांढऱ्या बोर्डावर लाल मार्करने एक रेघ ओढा आणि खाली लिहा: 'ही रेघ तुमच्या गोळीवर आहे का?' लोक खिशातून स्ट्रिप काढून बघतात.

दुकानात कायमचा एक कागद औषधाच्या दुष्परिणामांसाठी ठेवा: भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. फोन टोल-फ्री आहे, आणि पेशंट स्वतःही करू शकतो.

१०. पैसे कुठे घालायचे आणि काय मोजायचं

पहिल्या सहा महिन्यांत पैसे या क्रमाने जाऊ द्या: बीपी मशीन आणि जादा कफ, पाकिटांची छपाई, बीपीची कार्डं, काचेवरचा कागद, सिमकार्डचं रिचार्ज. उरलेच तर पडदा. फ्लेक्स, केबलवरची पट्टी, पेड पोस्ट, कॅलेंडर यांना हात लावू नका. डायरी-कॅलेंडर डिसेंबरात सगळेच देतात आणि घरात एकच लागतं.

वहीत एक पान 'कुठून कळलं?' याचं ठेवा. नवा माणूस आला की सहज विचारा आणि रेघ मारा: डॉक्टर, गूगल, शेजारी, पाकीट, संघातलं भाषण, रस्त्यावरून जाताना. दर महिन्याच्या शेवटी रेघा मोजा. ज्याच्यापुढे तीन महिने एकही रेघ नाही, त्यावरचा खर्च थांबवा.

दुसऱ्या पानावर पिशवी तपासणीचा हिशोब: तारीख, किती औषधं निघाली, डुप्लिकेट किती, मुदत संपलेली किती, डॉक्टरांना फोन केला का. नाव नको. सहा महिन्यांनी हे पान झेरॉक्स करून तालुक्यातल्या डॉक्टरांना द्या, आणि फ्लेक्सवाला परत आलाच तर त्याच्याकडून काचेवरचा कागद तेवढा मोठ्या अक्षरांत करून घ्या.